पुंगळीचें माप

'काडतूस' हा शब्द मराठींत बंदुकीच्या पाठोपाठ पोर्तुगीजांकडून आला आणि १८५७ सालानें तो घरोघर पोंचविला. चरबी लावलेल्या काडतुसांची हकीकत गोडसे भटजींनीं 'माझा प्रवास' या ग्रंथांत लिहून ठेविली आहे, आणि ती ज्यानें वाचली नाहीं असा जुन्या पुस्तकांचा शौकीन मराठी वाचक विरळाच असेल. परंतु तें काडतूस कागदाचें होतें. शिपायानें तें दांतांनीं फाडावें, आंतील दारू नळींत ओतावी, गोळी ठासावी आणि बार काढावा. कागदाचें काम तेथेंच संपे. पुढें दहा वर्षेंहि गेलीं नाहींत तों १८६६ सालीं वुलिच येथील बॉक्सर नांवाच्या लष्करी अंमलदारानें पितळी पत्र्याचें काडतूस सिद्ध केलें, आणि बार झाल्यानंतरहि मागें उरणारी एक वस्तु इंग्रजी लष्करांत आली. हीच पुंगळी.

आमच्यासारख्या पांढरपेशा कुटुंबांत पुंगळीची गांठ पडते ती वर्तमानपत्रांतील पंचनाम्यांत. 'घटनास्थळीं दोन रिकाम्या पुंगळ्या आढळल्या' एवढें वाचावयाचें आणि पान उलटावयाचें. आम्हीहि तेंच करीत आलों. पण तीन वर्षांपूर्वीं आमचें अमेरिकेस जाण्याचें ठरलें तेव्हां वहिनींनीं आम्हांस एक कामगिरी सांगितली. त्यांचा धाकटा मुलगा, म्हणजे आमचा पुतण्या, कोलोरॅडोकडे असतो. धंदा संगणकाचा, आणि नाद रायफलीचा. नाद असावयास हरकत नव्हती; परंतु तो आपलीं काडतुसेंहि स्वतःच घरीं भरतो असें सूनबाईंच्या तोंडून एकदां निघून गेलें आणि त्या दिवसापासून वहिनींची झोंप गेली. "भावजी, तुम्ही स्वतः डोळ्यांनीं पाहा आणि मला खरं काय तें सांगा," एवढेंच त्या म्हणाल्या. खरें सांगण्याची अट घातली नसती तर काम फार सोपें होतें.

घराच्या तळघरांत त्याचें हें दुकान. वरच्या मजल्यावर देव्हारा, मधल्या मजल्यावर स्वयंपाकघर आणि खालीं हें. एक भक्कम लाकडी बांक, त्याला बोल्टांनीं जखडलेलें लांब दांड्याचें दाबयंत्र, तराजू, मापाची कैंची, आणि लहान मुलांच्या रंगपेटीसारखी खणाखणांची पेटी, प्रत्येक खणांत एकेक पुंगळी उभी. दारूचा डबा मात्र निराळ्या कपाटांत, कुलुपांत. हें पाहून आमचा जीव अर्धा खालीं पडला. चिरंजीव जनावरें मारीत नाहींत. तीनशें यार्डांवर लावलेल्या कागदाला भोंकें पाडावयाचीं आणि तीं भोंकें एकमेकांस जितकीं खेटून पडतील तितका आनंद मानावयाचा, असा हा प्रकार. कोकणस्थाच्या घरांत याहून निरुपद्रवी शिकार संभवत नाहीं.

"काका, काडतुसांत चार वस्तू," तो म्हणाला. "गोळी, दारू, बुडाची टोपी आणि पितळेची पुंगळी. पहिल्या तीन एकदांच वापरायच्या. महाग असते ती पुंगळी, आणि तीच शिल्लक राहते. मग ती टाकून कशी द्यायची?"

आजीनें दुधाची पिशवी धुऊन वाळत घालावी त्या घराण्याचें हें वळण आहे, हें आम्हीं मनांतल्या मनांत ओळखलें.

आतां मुद्द्याची गोष्ट. बार होतो तेव्हां पुंगळींत काय घडतें? त्याच्या रायफलीच्या जातीच्या काडतुसांत, ज्याचें नांवच १९०६ सालावरून पडलें आहे, दाब दर चौरस इंचास साठ हजार पौंडांपर्यंत जाऊं शकतो. आपल्या घरच्या प्रेशर कुकरांत तो पंधरा पौंडांच्या आसपास असतो; म्हणजे हा त्याच्या चार हजार पट. सारा प्रकार सेकंदाच्या सहस्रांशाच्या मानानें मोजावयाचा. तेवढ्या वेळांत पितळ फुगतें आणि रायफलीच्या कोठीच्या भिंतींना चहूं बाजूंनीं घट्ट चिकटतें, त्यामुळें तप्त वायूला मागें, नेमबाजाच्या तोंडाकडे, यावयास वाट राहत नाहीं. गोळी निघून गेली, दाब उतरला, कीं तेंच पितळ किंचित् आंखडतें व भिंत सोडतें. म्हणून पुंगळी ओढून बाहेर काढतां येते. फुगावें पण फाटूं नये, आणि फुगल्यावर थोडें मागें यावें, हे दोन गुण एकत्र असलेली स्वस्त धातु शोधतां शोधतां जग सत्तर भाग तांबें व तीस भाग जस्त या मिश्रणावर येऊन थांबलें.

पण पितळ मागें येतें तें 'किंचित्' येतें, पूर्वीच्या मापाला येत नाहीं. बार झालेली पुंगळी ही त्या विशिष्ट रायफलीच्या कोठीचा जणूं ओतलेला ठसाच असते. तिच्या मानेंत नवी गोळी बसविली तर ती सैल राहील. कोठींत घातली तर कदाचित् अडेल. यासाठीं तिला पोलादी सांच्यांत दाबून पुन्हां मापावर आणावें लागतें. हातानें भरलेल्या काडतुसांतील सगळ्यांत कष्टाचें आणि सगळ्यांत नाजूक काम तें हेंच.

त्यानें आमच्यासमोर एक पुंगळी घेतली, बोटांच्या टोंकांना वंगण लावून तिच्या अंगावरून फिरविलें आणि दांडा खालीं ओढला. वंगण कमी पडलें तर पुंगळी सांच्यांत अशी रुतून बसते कीं ती काढण्यास अर्धा दिवस जातो. अधिक झालें तर तें खांद्यापाशीं सांचतें आणि त्याला जावयास जागा नसल्यामुळें पितळेलाच खळगा पाडतें. पोळीला तेल लावणाऱ्या बाईला जें प्रमाण हाताला कळतें तें येथें हाताला कळावें लागतें. सांच्यांतील एक बारीक कांडी त्याच फेरींत बुडाचें भोंक साधून जळकी टोपी बाहेर ढकलते. येथें एक मौज आहे. मधोमध एकच भोंक ठेवण्याची ही टोपीची तऱ्हा त्याच बॉक्सरसाहेबाची, तो इंग्रज. आणि ती चालते अमेरिकेंत. बर्डन नांवाच्या अमेरिकन गृहस्थानें काढलेली दुसरी तऱ्हा, जींत दोन लहान भोंकें असतात व कांडीला वाट मिळत नाहीं, ती इंग्रजांनीं आपल्या लष्करांतील .३०३ काडतुसांस घेतली. सासरीं गेलेल्या मुलींप्रमाणें या दोघींनीं घरें बदलली. दुसऱ्या तऱ्हेची पुंगळी सहसा कोणी पुन्हां भरीत नाहीं. सरकारला तशी गरजहि नसते. बार झाल्यावर पुंगळ्या मोजून गोळा करावयाच्या, हिशेब जुळवावयाचा आणि मोडींत काढावयाच्या.

पुण्याच्या वाचकाला येथें आपलें गांव आठवल्याशिवाय राहणार नाहीं. खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना १८६९ सालचा. म्हणजे बॉक्सरच्या काडतुसाहून तो अवघा तीन वर्षांनीं लहान. बाजीरावाच्या फौजेची जेथें १८१७ च्या नोव्हेंबरांत इंग्रजांशीं गांठ पडली त्याच खडकीस दीडशें वर्षांहून अधिक काळ पितळ पुंगळीचा आकार घेत आलें आहे. या धंद्यांत पितळेची जाड चकती प्रथम वाटीसारखी दाबतात, मग ती वाटी टप्प्याटप्प्यानें ओढून लांबवितात. प्रत्येक ओढीनंतर पितळ कठीण होऊन बसतें. तें भट्टींत तापवून नरम करावें लागतें, आम्लांत धुवावें लागतें, आणि मग पुढची ओढ. शेवटीं मानेपाशीं पुन्हां एक ताव देतात. त्या तावाचा निळसर-तांबूस पट्टा लष्करी पुंगळीच्या गळ्यावर पुष्कळदां तसाच ठेविलेला असतो.

आमचें बालपण कसब्यांत गेलें. तांबट आळीची ठकठक हीच आमची सकाळची घंटा होती, आणि म्हणून पुतण्यानें जेव्हां दिव्याच्या ज्योतींत पुंगळीची मान फिरवीत "आतां हिला नरम करायचं" असें म्हटलें, तेव्हां त्याला थांबवून पुढचें आम्हींच सांगितलें. बंबाचा पत्रा ठोकतां ठोकतां कडक होतो. कडक झाल्यावरहि ठोकीत राहिलें तर तडकतो. म्हणून तांबट तो तापवितो, मग पाण्यांत बुडवितो आणि पुन्हां मठाराला बसतो. लोखंड तापवून पाण्यांत घातलें तर कडक होतें आणि तांबें-पितळ मात्र नरमच राहतें, या गोष्टीचें लहानपणीं आम्हांस मोठें नवल वाटे. कारण असें कीं नरमपणा पाण्यानें येत नाहीं, तापानें येतो. ठोकल्यानें धातूचे कण चेपले-ताणले जातात. पुरेसा ताप मिळाला कीं त्यांच्या जागीं नवे, मोकळे कण जुळून येतात. पाणी केवळ काम लवकर हातांत घेतां यावें एवढ्यासाठीं. पुंगळीच्या बाबतींत पाण्याला आणखी एक अर्थ आहे. नरम करावयाची ती मान आणि खांदा. बूड कधींहि नाहीं. बूड हें कडकच राहिलें पाहिजे, कारण दाबाचा मुख्य धक्का त्यानेंच सोसावयाचा. म्हणून ताप खालीं उतरूं द्यावयाचा नाहीं. तांबटाला अशी अडचण नसते. बंबाला बूड असलें तरी तो उडत नाहीं.

पितळेच्या मनांत राहून जाणाऱ्या ताणाची एक विलक्षण गोष्ट आपल्याच देशांत घडलेली आहे. इंग्रजी अमलांत हिंदुस्थानांतील लष्करी कोठारांत ठेविलेलीं काडतुसें पावसाळ्यांत आपोआप तडकूं लागलीं. बार नाहीं, धक्का नाहीं. नवीं कोरीं काडतुसें, आणि पितळेला उभ्या भेगा. ऋतूबरोबर येणारी म्हणून इंग्रजींत त्या रोगाला 'ऋतूची भेग' अशा अर्थाचें नांव पडलें, आणि धातुशास्त्राच्या पुस्तकांत तें आजहि आहे. पुष्कळ दिवस मर्म उमगेना. शेवटीं १९२१ सालीं मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनीं त्याचा उलगडा केला. काडतुसें ठेवीत तबेल्यांजवळ. घोड्यांच्या मुताचा अमोनिया पावसाळी दमट हवेंत मिसळे, आणि सांच्यांतून ओढतांना पितळेंत जो ताण कोंडून राहिलेला असे त्याच्याशीं संगनमत करून तो धातु फोडी. दोघांपैकीं एकटा कोणीहि असता तर निभावतें. उपाय दोन निघाले: अमोनिया दूर ठेवावा, आणि पितळ हलकें तापवून आंतला ताण सोडवावा.

याचा आजच्या पुंगळीशीं संबंध असा, कीं सांच्यांत दाबलेल्या आणि गोळी घट्ट धरून बसलेल्या मानेंत तसाच ताण असतो. पुतण्याच्या बांकावर पितळ चकचकीत करण्याच्या एका द्रवाची बाटली होती. टोपण उघडतांच डोळ्यांत पाणी आणणारा वास आला. ती बाटली आम्हीं त्याच दिवशीं तळघरांतून हलविली. सूनबाईंनीं वरून चिंचेचा कोळ आणून दिला आणि पुंगळ्या अशा निघाल्या कीं दिवाळींतल्या समयांनीं लाजावें. तिकडचे जाणते लोक याच कामास लिंबाचें आम्ल वापरतात असें मागाहून कळलें. आपल्या आज्यांचा कोळ त्याच्याच जातीचा.

येथपर्यंत सारें आनंदाचें होतें, आणि वहिनींस लिहावयाचें पत्र मनांत जवळजवळ तयार झालें होतें. तिसऱ्या दिवशीं पुंगळ्या पुसतां पुसतां त्याच्या आठ वर्षांच्या मुलीनें एक उचलून धरली आणि विचारलें, "बाबा, हिला कमरपट्टा कां?" बुडापासून बोटाच्या एका पेराहूनहि कमी अंतरावर, पुंगळीभोंवतीं एक बारीक उजळ रेघ होती.

पुतण्या एकदम गप्प झाला. त्यानें एक तार घेतली, तिचें टोंक आंकड्यासारखें वाकविलें, आणि पुंगळीच्या तोंडांतून आंत घालून भिंतीवरून हळूहळू वर ओढलें. टोंक एके ठिकाणीं अडखळलें. मग ती पुंगळी शेगड्यांत धरून करवतीनें उभी कापली. बाहेरून गुळगुळीत दिसणाऱ्या भिंतीला आंतून सभोंवार चर पडला होता, आणि चराच्या तळाशीं पितळ कागदाइतकें उरलें होतें.

कारण समजावून घेण्यास आम्हांस एक संध्याकाळ लागली. सांचे बनविणारा कारखाना सांचा करतो तो पुस्तकांतील लहानांत लहान मापाचा, म्हणजे दाबलेली पुंगळी कोणत्याहि रायफलींत जावी. पुतण्या कागदावर बोट ठेवून चालणारा. त्यानें सांचा पार शेवटपर्यंत खालीं आणून बसविला होता. त्यामुळें दर वेळीं पुंगळीचा खांदा त्याच्या स्वतःच्या रायफलीला हवा होता त्याहून अधिक मागें जाई. बार झाला कीं दाबानें भिंतीला चिकटलेलें पुढचें अंग तेथेंच राही, बूड मात्र मोकळ्या राहिलेल्या अंतराइतकें मागें सरके, आणि मधल्या जागीं पितळ ताणलें जाई. पुन्हां सांचा, पुन्हां ताण. पुंगळी दर फेरीस लांबे. तोंडाकडून ती कापून मापावर आणण्यासाठीं त्याच्याजवळ सुरेख यंत्र होतें, आणि २.४८४ इंचांहून केंसभर अधिक तो राहूं देत नसे. पण तोंडाशीं जें कापलें जाई तें पितळ येई कोठून, तर कमरेंतून. माप दर वेळीं अचूक होतें, आणि पुंगळी दर वेळीं क्षीण होत होती. खांदा इंचाच्या दोन सहस्रांशांइतकाच मागें ढकलला असता तर पुष्कळ काळ निभावलें असतें.

ती तेथें तुटली असती तर? पुढचा अर्धा भाग कोठींत, मागचा अर्धा हातांत, आणि मधल्या फटींतून साठ हजार पौंडांचा वायु. हल्लींच्या रायफलींत तो बाजूला काढून देण्याच्या वाटा असतात आणि तो डोळ्यांवर चष्मा लावूनच बसतो. बहुतेक वेळां माणूस दचकतो, एवढेंच. 'बहुतेक वेळां' या शब्दांवर आमचें समाधान होईना. पुंगळ्या वेंचावयास ती पोर बापाच्या मागें उभी असते.

त्या खेपेच्या पुंगळ्या पन्नास, प्रत्येकीचे सहा बार झालेले. तारेनें एकेक तपासली. १९ पुंगळ्यांत चर लागला, ३१ निर्दोष वाटल्या. पन्नास पुंगळ्यांची किंमत कांहीं थोडी नव्हे, आणि तारेचें म्हणणें तर स्पष्ट होतें. "एकतीस चांगल्या आहेत, काका," तो म्हणाला. आम्हीं विचारलें, "एकोणीस चांगल्या नाहींत हें परवां ठाऊक होतं का?" याहून अधिक आम्ही कांहीं बोललों नाहीं, रायफल त्याची, पितळ त्याचें, आणि चाळिशी उलटलेल्या पुतण्यास आज्ञा करण्याचे दिवस गेले. रात्रीं उशिरां तळघरांतून हातोड्याचा आवाज येऊं लागला. क्षणभर आम्हांस आपण कसब्यांतच आहों असा भास झाला. खालीं जाऊन पाहतों तों पन्नासहि पुंगळ्यांचीं तोंडें त्यानें चेपून टाकलीं होतीं, कोणाच्या हातीं लागल्या तरी पुन्हां भरतां येऊं नयेत म्हणून. दुसऱ्या दिवशीं सांच्याचा स्क्रू त्यानें आमच्यासमोर वर घेतला आणि किती घेतला तें वहींत लिहिलें.

वहिनींस आम्हीं सर्व सांगितलें, कमरपट्ट्यासकट. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग त्यांनीं विचारलें तें एवढेंच, कीं रेघ प्रथम कोणीं पाहिली. नातीचें नांव सांगतांच त्यांचा चेहरा जो पालटला त्यावरून ही कामगिरी निदान वाया गेली नाहीं असें वाटलें.

आपल्याकडे हा उद्योग कोणीं करूं म्हटल्यास करतां येण्यासारखा नाहीं. १९५९ च्या शस्त्र-कायद्याप्रमाणें परवान्यावांचून दारूगोळा बनवितां येत नाहीं, आणि आमच्या मतें तें ठीकच आहे. बालेवाडीस नेमबाजी पाहावयास जाणाऱ्यासहि या गोष्टीचा गंध लागणार नाहीं. २०१० सालीं तेजस्विनी सावंत ज्या प्रकारांत जगज्जेत्या झाल्या आणि २०२४ सालीं पॅरिसला स्वप्नील कुसाळे यांनीं ज्यांत कांस्यपदक मिळविलें, त्या पन्नास मीटरच्या रायफलीचें काडतूस .२२ चें, त्याचा पेटणारा मसाला बुडाच्या कांठांतच भरलेला असतो, आणि खटक्यानें तो कांठ चेपला कीं त्या पुंगळीचें आयुष्य एका बारांत पुरें होतें. तेथें माप पुन्हां घेण्याचा प्रश्नच उरत नाहीं.

कापलेली पुंगळी बरोबर आणण्याचा मोह झाला होता; परंतु विमानतळावर पितळेच्या तेवढ्याशा तुकड्यापायीं काय काय खुलासे करावे लागले असते याचा विचार करून तो आवरला आणि तिचें छायाचित्र मात्र घेतलें. परवां तांबट आळींत बंबाची तोटी बसवून घ्यावयास गेलों होतों. आतां तेथें ठकठक पूर्वीइतकी ऐकूं येत नाहीं. जे थोडे हात उरले आहेत त्यांपैकीं एका वृद्ध कारागिरास, ही वस्तु काय आहे हें न सांगतां, तें चित्र आम्हीं दाखविलें. त्यांनीं चष्मा कपाळावर चढविला, चित्र डोळ्यांशीं नेलें आणि बरोबर त्या चरावर नख ठेवून म्हणाले, "ओढून ओढून इथं मारलाय याला. ताव वर दिला, अन् दुखणं खालीं." मग चित्र परत देत त्यांनीं आमच्या तोटीचा भाव सांगितला, तो अर्थातच अधिक होता, आणि आम्हीं घासाघीस केली नाहीं.